जपानी सिनेमातला ‘शिकारी’ आणि आपला शिकारी: मराठी सबटायटलसाठी मदत हवी

बर्डीवाला

नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या फिल्म क्लबतर्फे डिसेंबरात एक जपानी सिनेमा दाखवायचा आहे. उत्तर जपानच्या डोंगरांत अस्वलाची शिकार करणारे मातागी लोक असतात, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट आहे. हक्कांची बोलणी व्हायची आहेत, म्हणून नाव इथे टाकत नाही. मराठी सबटायटल आम्हीच करून राहिलो आणि आधाराला फक्त इंग्रजी सबटायटल आहेत. तिथेच गाडी अडली.

पहिली अडचण ऐकून हसाल. सिनेमात सगळे त्या म्हाताऱ्याला ‘शिकारी’ म्हणतात. अगदी स्वच्छ ऐकू येतं. इंग्रजीवाल्याने त्याचं कुठे ‘प्रमुख’ केलं, कुठे ‘आजोबा’. आता कानावर पडणार ‘शिकारी’ आणि खाली आम्ही लिहिणार भलतंच, तर लोक म्हणतील भाषांतर चुकलं. हा शब्द फारसीतून थेट तिकडे पोचला की काय?

दुसरं, अस्वलाला गावात ‘कुमा’ म्हणतात आणि डोंगर चढायला लागले की ‘इताझु’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. तिसरं, हाक्याच्या प्रसंगात इतके जण इतक्या ठिकाणांहून ओरडतात की कोण कुठे उभा आहे तेच कळत नाही. चौथं, अस्वल पडल्यावर कातडं काढायचा लांब प्रसंग आहे. म्हातारा काही पुटपुटतो, कातडं उचलून फिरवतो, आणि इंग्रजीत त्यावर नुसतं ‘प्रार्थना’ लिहून मोकळे.

प्रेक्षकांत निम्मे जंगलवाले राहतील. ताडोबा-पेंचला नेमाने जाणारे, काही वनखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना थापा चालत नाहीत. आणि हो, अर्धा सिनेमा बर्फात आहे, पांढरी अक्षरं दिसतच नाहीत. जाणकारांनी सांगावं.

---

उत्तरवाट

शब्दापासून सुरू करतो. फारसीचा काही संबंध नाही. आपला ‘शिकारी’ फारसी ‘शिकार’मधून आला. मातागींचा ‘शिकारी’ त्यांच्या बोलीतला आहे आणि त्याचा अर्थ टोळीचा प्रमुख. आवाज जुळला, एवढंच. पण घोळ मोठा आहे, कारण दहा-पंधरा जणांच्या टोळीत शिकारी एकच असतो, आणि आपल्या प्रेक्षकाला वाटणार की बाकीचे मग कोण, हमाल?

माझं मत: सबटायटलमध्ये ‘शिकारी’ हा शब्द कुणासाठीच वापरू नका. सगळे ‘मातागी’, आणि तो एक ‘म्होरक्या’. सिनेमा सुरू होण्याआधी चार-पाच सेकंदांची एक पाटी टाका: ‘मातागींच्या बोलीत शिकारी म्हणजे टोळीचा म्होरक्या’. एकदा वाचलं की पुढे कानाला खटकणार नाही, उलट ऐकायला मजा येईल.

मातागी कुठले ते थोडक्यात. होन्शू बेटाचा उत्तर भाग म्हणजे तोहोकु. त्यातले अकिता, आओमोरी, यामागाता आणि त्याला लागून निईगाता. सगळ्यात नावाजलेले अकितातल्या आनी भागातले. नेक्को, उत्तो, हिताचिनाई ही तिथली गावं. २००५ साली आनी हे किताअकिता शहरात विलीन झालं, तरी तिथल्या रेल्वेलाईनवर ‘आनी मातागी’ नावाचं स्टेशन आजही आहे. बीचच्या झाडांचं जंगल, माणूसभर बर्फ, शेती थोडी. हिवाळाभर शेतात काम नाही, म्हणून डोंगर.

आता हाका. त्यांच्याकडे त्याला माकिगारी म्हणतात. मराठीत ‘शिकार मोहीम’ वगैरे लिहू नका, आपल्याकडे ‘हाका’ आणि ‘रान उठवणं’ हे नेमके शब्द आहेत. चार भूमिका असतात.

शिकारी म्हणजे म्होरक्या: आज कुठला उतार धरायचा, कोण कुठे बसणार, वारा पडला तर परत फिरायचं का, सगळं त्याच्या शब्दावर. सेको म्हणजे हाकारे. ते खालून, नाल्याच्या अंगाने, रांग धरून वर सरकतात आणि ओरडतात. बुप्पा म्हणजे नेमबाज. ते वर धारेजवळ, अस्वल ज्या खिंडीतून किंवा सोंडेवरून पलीकडे उतरेल त्या जागा धरून गप्प बसतात. आणि चौथा मुकाईमात्ते. हा हाक्याच्या उतारावर नसतोच. तो मधली दरी सोडून समोरच्या डोंगरावर उभा असतो, कारण अस्वल कुठे चाललं ते फक्त तिथूनच दिसतं. हाकारे झुडपांत असतात, बुप्पा आडोशाला असतात, दोघेही आंधळे. तो हातवारे करून, ओरडून त्यांना चालवतो. आता वॉकी-टॉकी आले, तेव्हा नव्हते.

खालून वर हाकायचं कारण: उठवलेलं अस्वल चढ धरतं, धार ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात उतरायला बघतं. म्हणून बंदुका वर, आरडाओरडा खाली. बिघडतं कुठे, तेही लक्षात ठेवा, कारण सिनेमातली भांडणं बहुतेक त्यावरच असतात. एखादा हाकारा उत्साहाने पुढे पळाला की रांगेला भोक पडतं आणि अस्वल त्यातून खाली निसटतं. वारा फिरला की बुप्पाचा वास आधीच पोचतो. बुप्पा हलला किंवा लांबून बार टाकला की जखमी अस्वल झुडपांत शिरतं आणि मग कुणालातरी आत जावं लागतं. त्यांची जुनी मुराता बंदूक एकबारी होती. १८८० साली जपानी सैन्यासाठी ही ११ मिमीची रायफल झाली, पुढे मोडीत निघालेल्या बंदुका गावोगाव विकल्या गेल्या. एक बार टाकला की दुसरं काडतूस भरेपर्यंत अस्वल अंगावर. म्हणून ‘थांब, थांब, अजून येऊ दे’ हेच तिथे सगळ्यात जास्त बोललं जातं.

भाषांतरात इथे एक खड्डा आहे. मुकाईमात्ते समोर तोंड करून उभा आहे, म्हणजे त्याचं डावं ते चढणाऱ्यांचं उजवं. इंग्रजीतलं डावं-उजवं जसंच्या तसं उतरवलंत तर पडद्यावर माणूस एकीकडे पळेल आणि सबटायटल दुसरीकडे. ‘नाल्याच्या अंगाला’, ‘खिंडीकडे’, ‘वरच्या अंगाला’ असं जागेवरून लिहा. खेड्यातला माणूस तसंच बोलतो.

हाका मुख्यतः वसंतात, एप्रिल ते मेच्या सुरुवातीला. अस्वल नुकतं ढोलीतून बाहेर आलेलं असतं, झाडांना पालवी नाही म्हणून लांबून दिसतं, आणि रात्री गोठून कडक झालेल्या बर्फावर सकाळी चालता येतं. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होतो. उतारावर बर्फाला आडवी चीर दिसली की म्होरक्या लोकांना थांबवतो. वसंतात बर्फाचा थर जमिनीपासून सुटून आख्खाच खाली येतो. तुमच्या सिनेमात म्हातारा चिरेकडे बघून नुसता हात वर करत असेल तर तिथे काही लिहायची गरज नाही.

---

मोहफूल

हाक्याचं छान सांगितलं. ‘म्होरक्या’ मात्र मला पटत नाही, भाऊ. पेपरात ‘टोळीचा म्होरक्या जेरबंद’ असं रोज छापून येतं. टोळी आणि म्होरक्या एकत्र आले की दरोडा आठवतो. ‘नाईक’ लिहा. जुना शब्द आहे, मान आहे त्यात, आणि तीनच अक्षरं. ‘टोळी’च्या जागी ‘मंडळी’ किंवा ‘मेळा’ चालेल.

इताझुबद्दल. मातागींचा नियम असा की गावची भाषा डोंगरात न्यायची नाही. डोंगर देवीचा, तिथे वेगळी बोली. अस्वल इताझु, कुत्रा सेता, पाणी वाक्का, काळीज साम्बे, भात ‘गवताचं बी’. यातले सेता आणि वाक्का हे ऐनू, म्हणजे उत्तर जपानच्या मूळ रहिवाशांच्या, भाषेतही तेच आहेत. कुणी चुकून गावचा शब्द बोललं तर त्याला थंड पाण्याने अंघोळ करून शुद्ध व्हावं लागे, तेही बर्फात. तुमच्या सिनेमात पोरगा ‘कुमा’ म्हणतो आणि सगळे एकदम गप्प होतात असा प्रसंग असेल तर तो याचा आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द घातल्यावर तो प्रसंग मेलाच.

मराठीत हे जमण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे ही सवय जिवंत आहे. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. तेव्हा गावात ‘अस्वल’ आणि डोंगरात ‘जनावर’ असं ठेवा. पाण्यासाठी, कुत्र्यासाठी वेगळे शब्द शोधत बसू नका, प्रेक्षक दमेल. एक अस्वलाचा धागा पक्का धरला तरी पुरे.

आता जंगलवाल्यांसाठी. सिनेमातलं अस्वल आपलं नव्हे. आपल्या विदर्भातलं आहे ते वाळव्या खाणारं, इंग्रजीत स्लॉथ बेअर. मातागींचं आहे आशियाई काळं अस्वल, आपल्याकडे ते हिमालयात. घोटाळा छातीवरच्या खुणेमुळे होणार. दोघांच्याही छातीवर फिकट खूण असते. जपानी नावच ‘चंद्रकोरीचं अस्वल’ असं आहे. पण आपल्या अस्वलाचं तोंड लांबुडकं आणि फिकट, केस झिपरे, नखं लांब, आणि वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात, वाळव्या ओढून घ्यायला सोय. जपानी अस्वल झाडावर चढून बीच आणि ओकची फळं खातं. सगळ्यात मोठा फरक झोपेचा. आपलं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही, मोहफुलांच्या दिवसांत तर गावाशेजारी येतं. जपानी अस्वल साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ढोलीत असतं, आणि मादी तिथेच, भर हिवाळ्यात, एक-दोन पिल्लं देते. प्रेक्षक विचारतील ‘एवढ्या थंडीत ते खातं काय?’ तर काही खात नाही.

तपकिरी मोठं अस्वल मात्र फक्त होक्काइदो बेटावर असतं. इंग्रजी सबटायटलमध्ये कुठे ‘ब्राउन’ असं आलं असेल तर नीट तपासा, कारण होन्शूवरच्या गोष्टीत ते बसत नाही.

कामोशिकाही येईल. त्याला हरीण किंवा काळवीट लिहू नका. तो शेळीच्या कुळातला डोंगरी प्राणी, आपल्या हिमालयातल्या घोरल-सेरोचा भाऊबंद. ‘रानबोकड’ म्हटलं तर प्रेक्षकाला चित्र दिसेल. पूर्वी मातागी त्याची शिकार करत, मांस आणि कातडं दोन्हीसाठी. १९५५ पासून तो जपानचा ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ आहे, त्यामुळे त्यानंतरच्या काळातल्या गोष्टीत कुणी तो मारत असेल तर ती चोरटी शिकार, आणि संवादात दबका आवाज असणार.

शेवटी कायद्याचा प्रश्न येणारच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, शिकार बंद. जपानमध्ये परवान्याने चालते. शिकारीचा परवाना वेगळा, बंदुकीचा वेगळा, आणि रायफल हवी तर आधी सलग दहा वर्षं शॉटगन बाळगलेली असावी लागते. त्यामुळे तरुण मातागी फार कमी. तिकडे सध्या उलटीच चिंता आहे: एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात अस्वलांच्या हल्ल्यांत २१९ माणसं सापडली, त्यांतली ६ गेली, आणि सर्वांत जास्त हल्ले अकितात. बीच आणि ओकला फळ न धरलेलं वर्ष, त्यात गावं ओस पडत चाललेली. ही माहिती सिनेमाआधी सांगू नका, नंतर विचारलं तर सांगा. आधी सांगितली की लोक सिनेमा सोडून बिबट्यांवर बोलायला लागतील.

---

बर्डीवाला

‘नाईक’ एकदम पटला. मोहफूल, तुम्ही म्हणता तसा तो पोराचा प्रसंग खरंच आहे. आम्ही त्याचं ‘गप्प बस’ करून सोडून दिलं होतं!

कातड्याचा प्रसंग राहिला. आणि दोन वस्तू कळत नाहीत: म्हातारा कागदात गुंडाळलेलं काहीतरी वाळकं, ओबडधोबड बाहेर काढतो आणि लगेच झाकतो. शेवटाकडे एक काळपट चपटी पिशवी चुलीवर टांगलेली दिसते, तिच्यासाठी दोघे भांडतात. शिवाय एका ठिकाणी ‘आपण बारा आहोत’ म्हटल्यावर सगळे थांबून बाहुली करतात.

---

उत्तरवाट

‘नाईक’ माझ्यापेक्षा बरा आहे, मान्य.

वाळकी वस्तू म्हणजे ओकोझे, एक काटेरी, अतिशय कुरूप मासा. डोंगराची देवता स्त्री आहे, आणि ती स्वतः दिसायला बरी नाही अशी समजूत. म्हणून बायकांचा डोंगरात येण्यावर राग, आणि आपल्यापेक्षा कुरूप काही दिसलं की खूष. म्हणून मासा थोडासा दाखवायचा आणि झाकायचा. आणखी बघायचा असेल तर सावज दे, असा सौदा. ‘वनदेवी’ लिहू नका, त्या शब्दात फुलं आणि हरणं आहेत. ‘डोंगराई’ लिहा. थोडी रागीट, थोडी आपली.

बारा हा तिचाच आकडा. तिचा दिवस बाराव्या महिन्याचा बारावा. म्हणून बारा माणसांनी डोंगरात जायचं नाही. तेवढेच जमले तर लाकडाची बाहुली करून तिला तेरावा भिडू धरायचं. आपल्याकडे ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ आहेच, प्रेक्षक लगेच पकडतील. संवादात फक्त ‘बारा झालो’ एवढं ठेवा.

कातड्याच्या प्रसंगाला केबोकाई म्हणतात. अस्वल उताणं, डोकं उत्तरेला. नाईक मंत्र म्हणतो. छाती-पोटावरून सुऱ्याने चीर देऊन कातडं सोलतात, आणि मग ते उचलून उलटं फिरवतात, डोक्याची बाजू शेपटीकडे, आणि तसंच धडावर धरतात. हे सावजाचा जीव डोंगराईकडे परत पाठवणं आहे. नंतर मांसाचे तुकडे कुरोमोजी नावाच्या सुवासिक झुडपाच्या काड्यांना टोचून, भाजून देवीला दाखवतात. मंत्र नाईकाकडून पुढच्या नाईकाकडेच जात असे, बाकीच्यांना कळणं अपेक्षितच नव्हतं. तेव्हा तिथे एकही सबटायटल नको. ‘प्रार्थना’ हाही शब्द काढा. पडदा कोरा ठेवा. कातडं फिरवलं जातं तेव्हा लोकांची नजर खाली अक्षरांवर असली तर काय उपयोग?

सुरा म्हणजे नागासा. पातं सात ते साडेनऊ सून. एक सून ३.०३ सेंटीमीटर, म्हणजे साधारण २१ ते २९ सेंटीमीटर. फुकुरो-नागासा म्हणून जो प्रकार आहे त्याची मूठ पोकळ असते, पात्याच्याच लोखंडाची वळवलेली. तिच्यात दांडा खोचून खिळी मारली की भाला तयार. सिनेमात कुणी झाडाची फांदी तोडून मुठीत बसवताना दिसला तर ‘भाला कर’ एवढंच लिहा.

काळपट पिशवी म्हणजे अस्वलाचं पित्त. पित्ताशय काढून तोंड दोऱ्याने आवळतात, चुलीच्या उबेवर टांगतात, मधूनमधून फळ्यांत दाबून चपटं करतात. घाई करून जास्त धग दिली तर वरून कडक, आतून ओलं राहतं आणि नासतं. वसंतातलं पित्त मोठं असतं: हिवाळाभर पोटात अन्न नाही, म्हणून पित्त खर्चच होत नाही, साठून राहतं. हाका एप्रिलात का, याचं हेही एक कारण. पोटदुखीवरचं औषध म्हणून भाव सोन्याच्या वजनाचा. पूर्वी मातागी ते घेऊन दूरदूर विकत फिरत. त्यातलं औषधी द्रव्य जपानमध्ये १९२७ साली अस्वलाच्या पित्तातून वेगळं केलं, त्याचं नाव अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड. आज ते कारखान्यात बनतं आणि पित्तखड्यांवर डॉक्टर लिहून देतात ती गोळी हीच. ते भांडण लोभाचं वाटतं खरं, पण त्यामागे आणखी एक गोष्ट आहे.

ती म्हणजे वाटे. मातागी-कान्जो, म्हणजे मातागींचा हिशेब. बार कुणाचा लागला याला किंमत नाही. नाईक, हाकारा, पहिल्यांदा आलेला पोरगा, सगळ्यांना सारखा वाटा. मांस-हाडांचे ढीग लावतात. कातडं आणि पित्त विकून आलेले पैसेही सारखेच. म्हणून पित्तावरचं भांडण म्हणजे ‘तू हिशेब मोडलास’ हा आरोप आहे. इंग्रजीतल्या ‘शेअर’ला ‘हिस्सा’ लिहू नका, त्यात कोर्टकचेरी येते. ‘वाटे घातले’ लिहा. मटणाचे वाटे घालणं कुणाला समजवायला लागत नाही.

एक राहिलं. अकिताची बोली फार तोटकी आहे. ‘के’ म्हणजे खा, ‘कु’ म्हणजे खातो. एवढ्याच अक्षरांत जेवणाचा आख्खा संवाद होतो. इंग्रजीवाले त्याचं लांबलचक वाक्य करतात. तुम्ही ‘खा.’ ‘खातो.’ एवढंच ठेवा. वऱ्हाडी घालायचा मोह होईल, पण टाळा. ‘खाऊन राहिलो ना बे’ ऐकलं की हॉलमध्ये हशा पिकणार, आणि प्रसंग हशाचा नाही.

---

अक्षरजुळणी

मजकुराचं झालं, आता पडद्याचं.

बर्फावर पांढरी अक्षरं कधीच चालत नाहीत, कितीही जाड करा. पिवळसर रंग घ्या, भडक लिंबू पिवळा नको, लोण्यासारखा. १०८० ओळींच्या चित्राला अक्षराची उंची ५८ ते ६२, काळी कड ३, सावली शून्य. तरीही भर दुपारच्या बर्फात कमी पडलं तर अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी, ५० ते ६० टक्के. पट्टी सगळ्या सिनेमाला नको, त्या दृश्यांपुरती दुसरी स्टाईल करा. ॲजिसब या सबटायटलच्या प्रोग्रॅममध्ये दोन स्टाईल ठेवून ओळीओळीला लावता येतात. साध्या एसआरटी फाईलला हे जमत नाही.

दोन ओळींपेक्षा जास्त नाही. एका ओळीत ३५-३८ चिन्हं. कमीत कमी १ सेकंद, जास्तीत जास्त ६-७. दोन सबटायटलमध्ये २ फ्रेमची फट सोडा, नाहीतर बदललं ते डोळ्याला कळत नाही. हाक्याच्या प्रसंगात आरोळ्या एकमेकींवर चढतात. सगळ्या लिहू नका, मुकाईमात्तेची तेवढी लिहा. तोच चित्र बघतोय, त्याच्यावरून बाकी कळतं.

वेळ सरकते ती फ्रेमदरामुळे. इंग्रजी फाईल सेकंदाला २५ फ्रेमवाल्या प्रतीची आणि तुमची प्रत २३.९७६ ची असेल, तर १०० मिनिटांत सुमारे ४ मिनिटं ६ सेकंदांचा फरक पडतो. सुरुवात जुळवली आणि शेवट बिघडला तर हेच कारण. सरसकट पुढे-मागे ढकलून जमत नाही, फ्रेमदर बदलून घ्यावा लागतो. तपासायचं कसं: पहिला संवाद आणि शेवटचा संवाद, दोन्ही ठिकाणी लावून बघा. मधल्याच एका जागेपासून पुढे सगळं एकसारखं सरकलं असेल तर प्रतच कापलेली आहे.

टायपिंग डीटीपीवाल्याकडून करून घेत असाल तर आधीच सांगा: युनिकोड हवं. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतली फाईल प्लेअरमध्ये नुसती गिचमिड दिसते. रूपांतर करून देतो म्हणाले तरी एक जागा नक्की फुटते, ती म्हणजे अर्धा र. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगराचा सिनेमा आणि खाली समुद्र! ‘सुऱ्याने’चं ‘सुर्याने’ होतं आणि अस्वल उन्हाने सोललं जातं. कारण असं की हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. दोन, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. पहिल्यातलं न दिसणारं चिन्ह फाईल साफ करणारे प्रोग्रॅम उडवतात, आणि र वर जाऊन बसतो. दुसरी पद्धत टिकते. तुमच्या फाईलमध्ये दऱ्या, सुऱ्या, म्हाताऱ्या, दुसऱ्या, वाऱ्यावर, कपाऱ्या, पायऱ्या हे शब्द शोधून एकेक बघा.

अक्षरासाठी मुक्ता फॉन्ट घ्या, किंवा नोटो सान्स देवनागरी. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात का तेवढं बघा. नोटोत सहसा तसेच येतात. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करा. आणि हॉलच्या लॅपटॉपवर भरवसा ठेवू नका, तिथल्या जुन्या प्लेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे पडते. सबटायटल चित्रातच छापून न्या. त्यासाठी हक्कदाराची लेखी परवानगी हवी, बोलणी चालू आहेत तर आत्ताच त्यात घाला. कुलूपबंद डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, आली तर छापता येणार नाही. मग पडद्याखाली काळं कापड, दुसरा छोटा प्रोजेक्टर, आणि स्पेसबार दाबणारा एक माणूस. त्या माणसाने सिनेमा आधी निदान तीनदा बघितलेला असावा.

---

बर्डीवाला

मंडळी, जय हो. हाक्याचा तुकडा नव्याने केला, बघा:

‘नाईक, वारा पडला.’
‘बसा जागेवर.’
‘उठलं! जनावर उठलं!’
‘खिंडीकडे! खिंडीकडे चाललं!’
‘मधली रांग तुटली. वर सरका.’
‘थांब. येऊ दे. अजून येऊ दे.’
‘दुसर्या अंगाने उतरलं!’

---

मोहफूल

झकास. ‘वारा पडला’ एकदा तपासा: पडला म्हणजे थांबला. म्हाताऱ्याची मान वळते का? वळत असेल तर वारा फिरलाय, मग ‘वारा फिरला’ लिहा. बुप्पाचा वास जनावराला आधी पोचेल ही भीती त्यातच आहे.

---

अक्षरजुळणी

शेवटची ओळ. ‘दुसऱ्या’.